अक्कांची वरची खोली

डिसेंबरचा दुसरा आठवडा आला की बंगळुरूच्या फुटपाथांवर अवरेकाईचे ढीग पडायला लागतात. आपल्याकडच्या पावट्याची ही सख्खी बहीण. शेंग हिरवी, जराशी फुगीर, हात लावला की बोटांना तेलकट चिकटणारी. बायका शेंग उचलतात, नाकाशी धरतात आणि वासावरून ठरवतात, घ्यायची की नाही. जिच्यावर धुकं जास्त पडलं तिला वास जास्त, असं इथले लोक मानतात. मी राहते त्या सर्जापूर रोडवर सगळं काचेचं आणि पिशवीत बंद. पण या दिवसांत आमच्या सोसायटीच्या गेटबाहेरही एक टेम्पो उभा राहतो, मागची फळी पाडून, शेंगांनी भरलेला. आमचं घर सातव्या मजल्यावर आहे. वास तिथवर येत नाही हे मला कळतं. तरी येतो.

गेली सात वर्षं हा हंगाम आला की मी दोन-तीन आठवडे जरा गप्प होते. नवरा म्हणतो, "तुला थंडी सोसत नाही." मी म्हणते, असेल. थंडीवर ढकललं की पुढचं काही सांगावं लागत नाही.

मी मूळची उदगीरची. वडील डाळ मिलमध्ये चाळणीवर होते, आई हंगामात तिथंच डाळ निवडायला जायची. आमच्या घरात माझ्याआधी कुणी बारावीच्या पुढे गेलं नव्हतं. गणिताच्या सरांनी वडिलांना घरी येऊन सांगितलं, हिला शिकवा, वडिलांनी ऐकलं, मग शिष्यवृत्ती, लातूर, संख्याशास्त्रातली पदवी, पुढची पदवी. आज मागे पाहिलं की वाटतं, दर वळणावर कुणीतरी माझ्यासाठी एक शब्द टाकला म्हणून मी पुढे सरकले. सरांनी टाकला, वसतिगृहाच्या बाईंनी टाकला, बंगळुरूच्या मॅडमकडे माझं नाव पाठवणाऱ्या आमच्या विभागप्रमुखांनी टाकला. हे मी कधी विसरले नाही. म्हणूनच पुढे लिहिते आहे ते मला जड जातं.

मॅडमचं काम मोठं विलक्षण होतं. समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांबद्दल लोकांच्या मनात किती पूर्वग्रह आहे ते मोजायचं, आणि तो पूर्वग्रह सोसून त्या माणसांच्या मनाचं काय होतं तेही मोजायचं. कायदा नुकताच बदलला होता. वर्तमानपत्रात इंद्रधनुष्यी झेंड्यांचे फोटो येत होते. मॅडम म्हणायच्या, "कायद्याच्या कागदानं घरातलं जेवणाचं ताट बदललं का, ते आपल्याला बघायचंय." दोन खोल्यांचं ऑफिस, आम्ही पाच जण, आणि दोन पुस्तिका. पिवळी पुस्तिका सर्वसाधारण लोकांसाठी. तिच्यात विधानं, आणि प्रत्येक विधानापुढे पाच चौकोन, 'अजिबात पटत नाही'पासून 'पूर्ण पटतं'पर्यंत. निळी पुस्तिका त्या माणसांसाठी. तिच्यात आधी, तुमच्याशी कोण कसं वागलं. आणि मग झोप, भूक, धास्ती, जगावंसं वाटणं.

उदगीरला असताना हे विषय मी ऐकलेच नव्हते असं नाही. बाजारात टाळ्या वाजवत येणाऱ्यांना बघून आम्ही मुली आईच्या मागे लपायचो. वर्गातल्या एका नाजूक मुलाला जे नाव पडलं होतं त्यावर मीही हसले होते. पण मॅडमनी पहिल्या आठवड्यात आम्हाला सगळं नीट शिकवलं आणि ते मला मनापासून पटलं. मी मन लावून शिकणारी मुलगी. पटलेली गोष्ट मी वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेते.

ऑफिसचा एक नियम होता. लोकांना विचारण्याआधी प्रत्येकानं पिवळी पुस्तिका स्वतः भरायची, म्हणजे समोरच्याला काय वाटत असेल ते कळतं. आम्ही भरल्या. गुण कसे काढायचे हे शिकवायला मॅडमनी त्या सगळ्यांसमोर तपासल्या. 'अशा व्यक्तीला मी राहत असलेल्या घरात खोली मिळाली तर मला आनंद होईल,' या विधानापुढे मी क्षणाचाही विचार न करता शेवटचा चौकोन भरला होता. मॅडम म्हणाल्या, "वर्षा, तुझ्यात पूर्वग्रह जवळजवळ सापडतच नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी मी वडिलांना फोन केला.

"पप्पा, परीक्षेत सगळ्यांत चांगले मार्क मला पडले."

"कसली परीक्षा?"

"माणसं समजून घ्यायची."

"मग चांगलंच की," वडील म्हणाले. मागे चाळणीचा आवाज येत होता, त्यामुळे ते ओरडून म्हणाले.

त्या हिवाळ्यात आम्ही शहरभर फिरलो. पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत एका लेथच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत विचारलं, असा माणूस तुमच्या शेजारी राहायला आला तर? लोखंडाचा कीस अंगावर घेऊन डबा खाणारा कामगार म्हणाला, "मॅडम, शेजारी कुणीही येऊ दे. फक्त त्यानं आमच्या आधी टाकीचं पाणी संपवायला नको." बाकीचे हसले, आणि मला कळेना कुठला चौकोन भरू. सर्जापूर रोडवर एका पुण्याच्या इंजिनिअरनं आम्हाला कॉफी दिली. "आम्ही ना, फुल्ली सपोर्ट करतो. माझ्या टीममध्येच एक आहे, सुपर टॅलेंटेड. पण सोसायटीत कसं, फॅमिलीज आहेत, लहान मुलं आहेत. तेवढं प्रॅक्टिकल बघायला लागतं." पायऱ्या उतरताना मी बरोबरच्या श्रीधरला म्हणाले, "बघितलंस? तोंडात एक आणि मनात एक." मी तेव्हा दुसऱ्यांची मनं फार पटकन ओळखायची.

श्रीधर माझा कामातला जोडीदार. फील्डवर आम्ही दोघं एकत्र जायचो. तो शहराबाहेरच्या आनेकल गावचा. कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे उतरलेल्या मराठी शिंप्यांच्या घरातला. त्याच्या अप्पांचं बाजारात शिवणकामाचं दुकान होतं. त्याची मराठी ऐकून सुरुवातीला मला हसू यायचं. मध्येच "स्वल्प थांब" म्हणायचा, थोडं थांब. आपण काही सांगितलं की "हौदा?" म्हणजे, खरंच का? आणि बोलणं संपवायला "सरी", म्हणजे ठीक आहे. तोही घरातला पहिला पदवीधर. आमची मैत्री त्यावरच जुळली. डब्यातलं वाटून खायचो आणि आपापल्या घरी आपल्या कामाबद्दल काय समजतात ते एकमेकांना सांगायचो. माझ्या आईला वाटायचं मी जनगणनेत आहे. त्याच्या अप्पांना वाटायचं तो दवाखान्यात आहे.

निळ्या पुस्तिकेचा सराव आम्ही जोड्या करून केला. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं कल्पनेनं उत्तरं द्यायची. मी विचारत होते, श्रीधर सांगत होता. कुणी टोमणे मारले? कधीच नाही. घरातून काढलं? नाही. नोकरीत त्रास? नाही. मारहाण? नाही. पहिला भाग संपला, सगळीकडे शून्य. मग दुसरा भाग. झोप लागत नाही? रोज. छाती धडधडते? रोज. आपण कुणाला नकोसे आहोत असं वाटतं? तो खिडकीबाहेर बघून म्हणाला, "रोज."

मी पेन्सिल ठेवली. "अरे, काहीतरी जुळेल असं सांग. तुला कुणी काही केलंच नाही आणि झोप मात्र रोज उडालीय? असा फॉर्म आला तर मी बाद करीन. वाटेल, न वाचता खुणा केल्यात."

"ज्यानं कुणाला सांगितलंच नाही," श्रीधर म्हणाला, "त्याला टोमणा कोण मारणार?"

बाहेर कुणीतरी मिक्सर चालवत होतं. तो बंद झाला तेव्हा मला समजलं की श्रीधर कल्पनेनं सांगत नव्हता. तो पुस्तिका मिटून म्हणाला, "तुला कळलं ना? सरी. मग झालं." आणि डबा उघडला. त्या दिवशी त्याच्याकडे लिंबूभात होता. त्यानं निम्मा माझ्या झाकणात वाढला.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मी हात वर केला. म्हटलं, मॅडम, आपल्या पुस्तिकेत एक प्रश्न कमी आहे. तुमच्याबद्दल किती जणांना माहीत आहे, हे आपण विचारतच नाही. ज्यानं लपवलंय त्याला कुणी काही बोलणार नाही, पण लपवण्याचाच ताण असेल. मॅडम खुर्चीतून उठल्या. "हे तुला कसं सुचलं?" मी म्हणाले, "सराव करताना सुचलं." श्रीधर समोरच बसला होता, वहीत काहीतरी रेघोट्या ओढत. मी स्वतःला समजावलं की त्याचं नाव घेतलं असतं तर त्याचं गुपित फुटलं असतं. ते खरंही होतं. पण 'आम्हा दोघांना सुचलं' एवढं म्हणता आलं असतं, आणि त्यानं काहीच फुटलं नसतं. तो प्रश्न पुस्तिकेत गेला. पुढे आम्ही गेलो तिथं बरीच माणसं त्या प्रश्नापाशी थांबायची. एक पन्नाशीचे गृहस्थ उद्यानातल्या बाकावर बसून म्हणाले होते, "तुम्ही दोघं. आजपासून दोन." मग रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ.

मी तेव्हा हनुमंतनगरला शकुंतला अक्कांच्या घरी राहायची. अक्का म्हणजे जुन्या बंगळुरी मराठी घरातल्या, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या, एकट्या. खालच्या मजल्यावर त्या आणि बाजूच्या खोलीत मी, आणि गच्चीवर एक स्वतंत्र खोली. अक्का जाहिरात देत नसत, दलालाला दारात उभं करत नसत. त्यांची पद्धत एकच: घरात आधीपासून राहणाऱ्यानं सांगायचं, हा माणूस चांगला आहे. की किल्ली मिळाली. मलासुद्धा माझ्या आधीच्या मुलीच्या सांगण्यावरून मिळाली होती, आणि तिनं मला एकदाच पाहिलं होतं.

अवरेकाईच्या दिवसांत अक्कांच्या ओसरीवर रोज संध्याकाळी एक मोठं पातेलं असायचं. सोललेले दाणे रात्रभर भिजवलेले. दाणा अंगठा आणि तर्जनीत धरून दाबायचा. साल हातात राहते आणि आतली गुळगुळीत डाळ टुणकन उडते. इथं तिला हितकवरे म्हणतात. त्याची आमटी करतात, उप्पिट्टात घालतात, तिखट-मीठ लावून तळतात. जो कोणी घरी येईल त्याला अक्का आधी हात धुवायला लावायच्या आणि पातेल्याशी बसवायच्या. पोस्टमनसुद्धा दहा-वीस दाणे दाबूनच जायचा.

श्रीधर एकदा माझी राहिलेली फाइल द्यायला आला आणि पातेल्याशी बसला. त्याचा हात शिंप्याच्या घरातला. एकही डाळ पातेल्याबाहेर पडली नाही. माझ्या डाळी अक्कांच्या मांडीवर, तुळशीपाशी, एक तर त्याच्या शर्टाच्या खिशात.

"ही उदगीरकरीण बघ," अक्का म्हणाल्या, "डाळ मिलमधली म्हणे! हिच्या हातून डाळ पळून जाते."

"अक्का, तिला कागदाची सवय आहे," श्रीधर म्हणाला. "दाण्याला पाच चौकोन काढून द्या, बरोब्बर भरेल."

अक्का इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. त्याला त्यांनी उप्पिट्टू खायला घातलं, वर डब्यात भरून दिलं. तो बसकडे गेल्यावर म्हणाल्या, "गोड पोरगा आहे."

तेव्हा श्रीधर रोज आनेकलहून बसनं यायचा. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, आणि ट्रॅफिक असेल तर त्याहून जास्त. पण बसचा त्रास खरा नव्हताच. घरी त्याच्यासाठी मुली बघायला सुरुवात झाली होती. त्याला त्या घरापासून लांब एक जागा हवी होती, जिथं संध्याकाळी दार लावून बसता येईल आणि कुणी फोटो पुढे करणार नाही. एका दुपारी फील्डवरून येताना तो म्हणाला, "अक्कांची वरची खोली रिकामी आहे ना? मला मिळेल का? शहरात जागा घेतली तर अप्पांना सांगता येईल, काम वाढलंय, लग्नाचं एक-दोन वर्षांनी बघू." थोडं थांबून म्हणाला, "मला फक्त थोडा वेळ पाहिजे, वर्षा. घरात श्वास पुरत नाही."

मी म्हणाले, "विचारते की. त्यात काय." आणि तेव्हा ते मनापासूनच म्हणाले होते.

पण मी विचारायच्या आधी त्यानंच फोनवर अक्कांच्या कानावर घातलं असावं, कारण त्या संध्याकाळी दाणे दाबता दाबता अक्कांनीच विषय काढला. "तो आनेकलचा श्रीधर खोली मागतोय. पगार आहे, घर चांगलं आहे. मग या वयात लग्न सोडून खोली कशाला? तू रोज बरोबर असतेस. सांग, माणूस कसा आहे?"

प्रश्न साधा होता. त्याचं उत्तर मला माहीत होतं. मी वर बघितलं तर अक्कांच्या कपाळावर कुंकू, मागे देवाची तसबीर, आणि माझ्या डोक्यात एकदम सगळं एकावर एक आलं. हा इथं राहायला आला, आणि पुढे कधी यांना कळलं, तर म्हणतील, तुला माहीत होतं आणि तू आणलंस. मग माझीही खोली जाईल. वडिलांना काय सांगू? मोठ्या कष्टानं मिळालेलं हे घर, हे काम. आणि त्याखाली आणखी एक गोष्ट होती, जी मी सात वर्षं कुठल्याच वहीत लिहिली नाही: एक क्षणभर मलाच तो वरच्या खोलीत नको वाटला. का, ते सांगता येणार नाही. त्याच्याकडे कोण येईल, लोक काय म्हणतील, असलं काहीतरी, उदगीरच्या बाजारात आईच्या मागे लपलेल्या मुलीचं.

मी मान खाली घातली. म्हणाले, "कामापुरती ओळख आहे, अक्का. त्याच्याबद्दल मी काही सांगू शकत नाही."

अक्कांचा हात थांबला. मग त्या म्हणाल्या, "सरी," आणि पुढचा दाणा उचलला.

श्रीधर रविवारी सकाळी खोली बघायला येणार होता. त्या रविवारी मी मुद्दाम लवकर बाहेर पडले. लालबागेत जाऊन बसले. धुकं विरेपर्यंत बसले, मग ऊन चढेपर्यंत बसले. परत आले तेव्हा ओसरीवर एक रिकामी बशी होती आणि अक्का म्हणाल्या, "येऊन गेला." सोमवारी तो ऑफिसला आला, माझ्या शेजारी बसला, त्या दिवशीचे पत्ते काढले. "नाही जमलं का?" मी विचारलं. इतका खोटा आवाज माझ्या घशातून कधी निघाला नसेल. तो म्हणाला, "नाही जमलं," आणि बसचा नंबर सांगितला.

आठवडाभरात वरची खोली बँकेतल्या एका मुलाला गेली. संक्रांतीला अक्कांनी तिळगूळही वाटला आणि इथल्या रिवाजाप्रमाणे तीळ-गूळ-खोबऱ्याचं एळ्ळु-बेल्लही. तो बँकवाला पाया पडला. श्रीधर त्या महिन्यात बारीक झाला. डबा उघडायचा आणि झाकण लावायचा. आमच्याच निळ्या पुस्तिकेत ज्या ज्या खुणा आम्ही विचारत होतो, त्या सगळ्या रोज माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसत होत्या, आणि मी दुसऱ्यांच्या खुणा मोजून तक्ते करत होते. तक्ते चांगले झाले. मॅडमनी ते सगळ्यांना दाखवले.

उन्हाळ्यात त्याचं लग्न ठरलं. सगळं ऑफिस आनेकलला गेलं. अप्पांनी स्वतः शिवलेला सूट त्याच्या अंगावर सैल पडत होता. स्टेजवर त्यानं नवरीशी आमची ओळख करून दिली. ती लाजरी, हसरी, मेंदीचा हात पुढे करणारी. "ही वर्षा," तो तिला म्हणाला. "आमच्या पुस्तिकेतला सगळ्यात चांगला प्रश्न हिचा." आणि माझ्याकडे बघून हसला. मागून फोटोग्राफर ओरडत होता, सरका, सरका. मी सरकले. जेवणाच्या पंगतीत पानात होळीगे पडली, इथली पुरणपोळी. वाढणारा मला म्हणाला, "अक्का, तूप घ्या." मी तूप घेतलं.

मग काम संपलं, आम्ही पांगलो. मला कंपनीत नोकरी लागली, आकड्यांचीच, पण माणसं नसलेली. लग्न झालं. दीड-दोन वर्षांनी ऑफिसमधल्या कुणाकडून कळलं की श्रीधरची बायको माहेरी गेली, मग घटस्फोट झाला, मधे तो बराच आजारी होता. 'आजारी' हा शब्द सांगणाऱ्यानं हळू आवाजात उच्चारला. मी विचारलं नाही, कसला. कसला ते मोजायला मला शिकवलेलं होतं. त्या रात्री मला झोप आली, हेही इथं लिहून ठेवते.

इतकी वर्षं मी या सगळ्याची एक समजूत करून घेतली होती. अक्का जुन्या वळणाच्या. त्यांना सांगणं शक्यच नव्हतं. मी गप्प राहिले कारण समोरचं मन बंद होतं. दोष असला तर थोडा माझा, बाकी काळाचा, समाजाचा. ही समजूत मला उबदार पडायची.

या डिसेंबरात अक्कांना भेटायला गेले. आता त्यांना कमी दिसतं, पण पातेलं ओसरीवर होतं. मी हात धुऊन बसले. बँकवाला, त्याच्यानंतरची दोन मुलं, सगळ्यांच्या गप्पा झाल्या. मग त्या सहज म्हणाल्या, "आणि तो तुझा आनेकलचा? त्याला मी तुझ्यासाठी खोली दिली नाही बघ."

"माझ्यासाठी?"

"मग! तू मान खाली घालून म्हणालीस, काही सांगू शकत नाही. पोरगी असं कधी म्हणते? मी समजले, यानं हिला काहीतरी त्रास दिलाय, बिचारी बोलू शकत नाही. रविवारी आला तेव्हा तोंडावर सांगितलं मी त्याला. आमच्या पोरीला तू इथं नको आहेस. का, ते तुझं तुला माहीत."

माझ्या बोटांतली डाळ कुठं उडाली ते कळलं नाही.

"अक्का, त्यानं मला काहीच त्रास दिला नव्हता. कधीच."

"हौदा?" अक्कांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं चेहरा वळवला. "मग तसं का म्हणालीस गं?"

"घाबरले होते."

"कुणाला?"

त्यांचं त्यांनाच समजलं. "मला?" त्या म्हणाल्या. त्यांना ते लागलं. मग म्हणाल्या, "काय असेल ते असेल. मी काही फार मोठ्या मनाची नाही बाई, माझ्याही शंभर खोडी आहेत. पण तेव्हा तू 'चांगला आहे' एवढं म्हणाली असतीस, तर मी पुढचं काही विचारलं नसतं. किल्ली दिली असती."

एवढंच. मला त्याचं गुपित सांगायचं नव्हतं. अक्कांचं मन बदलायचं नव्हतं, भाषण करायचं नव्हतं, धाडस तर नकोच होतं. 'तो चांगला आहे.' जे माझ्यासाठी आयुष्यभर कुणी ना कुणी म्हणत आलं, तेच एकदा मला म्हणायचं होतं. आणि मी न म्हटल्यामुळे जी जागा रिकामी राहिली, तिच्यात अक्कांनी त्यांना माहीत असलेला सगळ्यात वाईट पुरुष बसवला आणि त्याला श्रीधरचं नाव दिलं. दार लागलं ते श्रीधर कोण आहे म्हणून नव्हे. तो जे कधी नव्हता, त्यासाठी. ते सोमवारी त्याला माहीत होतं. माझ्या शेजारी बसून बसचा नंबर सांगताना माहीत होतं. स्टेजवर माहीत होतं.

पुढच्या रविवारी दुपारी मी फोन लावला. नंबर तोच असेल याची खात्री नव्हती. त्यानं उचलला.

"हां, वर्षा," तो म्हणाला. माझं नाव अजून त्याच्या फोनमध्ये होतं.

मी आधी इकडचं-तिकडचं विचारलं. तो पीण्या वसाहतीतल्या एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. जवळच खोली घेतली आहे, दोन वर्षं झाली. गोळ्या चालू आहेत, झोप येते आता. अप्पा महिन्यातून एकदा बोलतात. मग बोलण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा मी म्हणाले, "श्रीधर, अक्कांकडे गेले होते. त्यांनी तुला काय सांगितलं होतं ते मला आत्ता कळलं."

"आत्ता?" तो जरासा हसला. "मला वाटलं, तूच तसं सांगितलंस."

"मी तसं म्हणाले नव्हते. पण म्हणायला हवं होतं तेही म्हणाले नाही. त्यांनी विचारलं, माणूस कसा आहे. मी म्हणाले, मी काही सांगू शकत नाही. मी घाबरले. आणि... फक्त अक्कांना नाही घाबरले."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. तो उठला, गॅस बारीक केल्याचा आवाज आला, परत आला.

"ती खोली मिळाली असती तर लग्न टळलंच असतं असं नाही," तो शांतपणे म्हणाला. "पण रोज घरी जावं लागलं नसतं. रोज संध्याकाळी अप्पा बसस्टॉपवर उभे असायचे. फोटो घेऊन."

"तू मला कधी काही बोलला नाहीस."

"बोललो असतो तर तू माफी मागितली असतीस. मग मला 'असू दे' म्हणायला लागलं असतं. तेवढी शक्ती नव्हती तेव्हा."

"आता मागते."

"ऐकलं मी," तो म्हणाला. "पण 'असू दे' नाही म्हणणार, वर्षा. माझ्यापुरतं कदाचित म्हटलं असतं. पण जिच्याशी लग्न झालं तिचीपण त्यात दोन वर्षं गेली. तिला कुणी काहीच सांगितलं नव्हतं. तिच्या वतीनं मी कसं म्हणू?"

"नको म्हणूस."

मला वाटलं आता तो फोन ठेवेल. खाली गेटवरचा टेम्पोवाला शेंगांचा भाव ओरडत होता, ते त्यालाही ऐकू गेलं असावं.

"ऊट आयता?" त्यानं विचारलं. जेवण झालं का. या शहरात ओळखीची माणसं एकमेकांना हे विचारतातच, उत्तर हो असंच द्यायचं असतं.

"नाही," मी म्हणाले.

"मग आधी जेव," तो म्हणाला, आणि त्यानं फोन ठेवला.